शब्दाचा सूर आणि वाक्याचा सूर

चिनी भाषेवर बोलायला कामगार युनियनचा माणूस कशाला, असा प्रश्न या व्याख्यानमालेच्या चालकांनाही पडला होता. तेव्हा तो श्रोत्यांना पडला तर त्यात नवल नाही. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे सारे वाचन गिरणीच्या फाटकाशी, एसटीच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. चीन आम्ही पाहिलेला नाही. परंतु एका मुलाची नोकरी चिनी भाषेतल्या एका शब्दावर अडकली, आणि तो शब्द कोणत्या सुरात उच्चारला गेला हे कळल्याशिवाय ती सुटण्यासारखी नव्हती. म्हणून आम्हांला हा विषय शिकावा लागला.

हकीकत अशी. २०१८ साली विदर्भातल्या एका सूतगिरणीत चीनहून आणलेले यंत्र बसविण्याचे काम चालू होते. यंत्राबरोबर एक चिनी मेकॅनिक आला होता आणि मेकॅनिकबरोबर एक दुभाषा. हाताखाली आपल्याच बाजूचा एक बावीस वर्षांचा हेल्पर दिलेला होता. एके दिवशी दुभाषा चहाला गेला असता मेकॅनिकने झाकण उघडून रोलरपाशी हात घातला, मुलाकडे पाहिले आणि तो म्हणाला, "हाव". चिनीत या शब्दाचा अर्थ 'ठीक', 'चांगले'. आता वऱ्हाडात 'हाव' म्हणजे काय, हे धाडच्या माणसाला आम्ही सांगायला नको! मुलाने हिरवे बटण दाबले. दुसऱ्याच क्षणी लाल दाबले म्हणून हात वाचला. पण मधल्या बोटाचे शेवटचे पेर गेले.

मुलाला चार्जशीट मिळाली आणि तो सस्पेंड झाला. व्यवस्थापनाचे म्हणणे असे की, मेकॅनिकने 'ठीक आहे का?' असे विचारले होते. उत्तर द्यायचे सोडून मुलाने यंत्र चालू केले. मुलाचे म्हणणे, त्याने विचारले नाही, सांगितले. दोन्ही जबान्यांत शब्द एकच, 'हाव'. कागदाला सूर नसतो. आम्ही मुलाच्या बाजूने उभे राहिलो खरे. पण पहिल्याच तारखेला आमच्या ध्यानात आले की, चिनी माणूस प्रश्न कसा विचारतो हेच आम्हांला ठाऊक नाही.

आपण मराठीत काय करतो ते आधी पाहू. 'आलास' हा एकच शब्द घ्या. आवाज शेवटी खाली आणला की ती नुसती नोंद झाली. वर नेला की प्रश्न. मध्येच लांबवून मग सोडला की 'आलास एकदाचा!' असा वैताग. बोलण्याचा भाव बदलला, परंतु येणे हे येणेच राहिले. कोणत्याही सुरात म्हटले तरी 'आलास'चा अर्थ 'गेलास' होत नाही. मालकांशी बोलणी करणाऱ्याला तर हे फार लवकर कळते. 'बघू' हा शब्द आम्ही निदान सात सुरांत ऐकला आहे, आणि त्यांतल्या फार तर एका सुरात खरोखरच काही बघितले जाते. तात्पर्य, मराठीत सूर हा वाक्याचा असतो. शब्दाला स्वतःचा असा सूर नाही. वाक्य देईल तो त्याने घ्यायचा.

चिनीत शब्दाला स्वतःचा सूर असतो. आपण भजनी मंडळाची पेटी डोळ्यांसमोर आणू. युएन रन चाव या नावाने जगाला ठाऊक असलेले एक मोठे चिनी भाषापंडित होऊन गेले (१८९२ ते १९८२). १९३० साली त्यांनी बोलणाऱ्या माणसाच्या आवाजाच्या पाच पायऱ्या कल्पिल्या. सर्वांत खालची पहिली, सर्वांत वरची पाचवी. गाण्यात असतात तशा या पट्ट्या ठरलेल्या नव्हेत. बाईची पाचवी पुरुषाच्या पाचवीहून वर असेल, रागावलेल्याची शांत माणसाहून वर असेल. ज्याच्या त्याच्या आवाजातली उंची-नीचता तेवढी पाहायची. या पायऱ्यांवर आजच्या प्रमाण चिनीचे, म्हणजे पेकिंगच्या उच्चारावर बेतलेल्या भाषेचे, चार सूर असे बसतात. पहिला पाचवर सुरू होऊन पाचवरच राहतो, सपाट. दुसरा तिनावरून पाचावर चढतो. तिसरा दोनावरून एकाला टेकतो आणि मग चारापर्यंत उचलला जातो. चौथा पाचावरून थेट एकावर कोसळतो. आपण कुणाला 'चल!' म्हणून हाकलतो तसा.

आता गंमत पाहा. चिनीत 'माय' असा उच्चार आहे. तो तिसऱ्या सुरात, खाली बुडवून म्हटला तर अर्थ होतो 'विकत घेणे'. चौथ्या सुरात, वरून खाली टाकला तर 'विकणे'. आठवडी बाजारात उभ्या राहिलेल्या माणसाला याहून मोठा फरक कोणता असणार? आणि दुसऱ्या सुरात, चढवून म्हटला तर 'मातीत पुरणे'! घेणे, विकणे आणि पुरणे या तिन्ही क्रियांना अक्षरे तीच; वेगळा तो केवळ सूर. घेणे आणि विकणे हे दोन शब्द जोडले की 'व्यापार' असा शब्द होतो, आणि त्यातला दुसरा शब्द मात्र आपला सूर टाकून हलकेच उच्चारला जातो. असे बिनसुरी, हलके शब्द चिनीत बरेच आहेत.

हे सारे ऐकून आपल्याकडचा माणूस हसतो. गिरणीतही जेवणाच्या सुट्टीत त्या मेकॅनिकच्या बोलण्याची नक्कल होत असे. आम्हांला ते आवडले नाही, कारण पुण्यात आमच्याच 'हाव'ला आणि 'काहून'ला हसलेले आम्ही ऐकले आहे. शिवाय सुराने शब्द बदलणे हा प्रकार भारताबाहेरचा मुळीच नाही. हमरस्त्यावरच्या ढाब्यावर एखाद्या पंजाबी ट्रक ड्रायव्हरला 'घोडा' म्हणायला सांगा. पंजाबीत 'घ' हा उच्चार शब्दाच्या आरंभी राहिला नाही. तो 'क' झाला आणि त्याची उणीव सुराने भरून काढली. म्हणून 'कोडा' हा शब्द खालच्या सुरात म्हटला तर घोडा, साध्या सुरात म्हटला तर चाबूक, आणि वरच्या सुरात म्हटला तर महारोगी. मणिपुरी, बोडो, मिझो या भाषांतही सूर आहेत.

आपल्या पूर्वजांनाही सुराचा धाक होता. पतंजलीच्या महाभाष्यात त्वष्ट्याची कथा सूचित केली आहे. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्याने यज्ञ मांडला. पण 'इंद्रशत्रु' या शब्दातला उदात्त स्वर भलत्या ठिकाणी पडला आणि 'इंद्राला मारणारा' याचे 'इंद्र ज्याला मारणारा' असे झाले. वृत्र जन्मला तो मरण्यासाठीच. वैदिक स्वर आणि चिनी सूर यांची जात एक नव्हे, हे खरे. तिकडे स्वर समासाप्रमाणे आणि वाक्यातल्या जागेप्रमाणे हलत असे. इकडे तो शब्दाच्या अंगचा असतो. परंतु या दोहोंचा संबंध जोडणारे एक मत आहे. चिनी लोकांनी आपल्या बोलण्यातले चार सूर ओळखून त्यांना नावे दिली ती इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या अखेरीस. शन युए हा कवी त्यांतला प्रमुख. भारतातून गेलेल्या बौद्ध ग्रंथांचे स्वरयुक्त पठण ऐकूनच हे भान आले असावे, असे चन यिन-ख या इतिहासकाराने १९३४ साली मांडले. ते सर्वांना मान्य झालेले नाही. त्या काळची एक कथा मात्र सांगण्याजोगी आहे. ल्यांग घराण्यातल्या वू सम्राटाने दरबाऱ्याला विचारले की, हे चार सूर म्हणजे आहे तरी काय? दरबाऱ्याने चार शब्दांत बादशहाची स्तुती केली, आणि त्या चार शब्दांत क्रमाने चारही सूर आणून ठेवले! उत्तर अचूक होते. तरी बादशहाने सूर काही मनावर घेतले नाहीत. दरबाऱ्यांची हुशारी बहुधा अशीच खर्ची पडते.

असो. आमच्या चौकशीला हवे होते ते याच्या पुढचे. शब्दाने सूर अगोदरच अडवून ठेवला असेल, तर वाक्याने कोठे जायचे? चिनी माणूस रागावतो, विनवतो, शंका घेतो, प्रश्न विचारतो. मराठीत हे सारे आपण आवाजाच्या चढ-उताराने करतो. त्याने तसे केले तर त्याचे शब्दच बदलून जायचे. 'नी' म्हणजे तू. 'नी माय', दुसरा शब्द वरून खाली टाकून, म्हणजे 'तू विकतोस'. आता 'तू विकतोस?' असे विचारायचे आहे म्हणून आपल्या सवयीने आवाज शेवटी वर नेला, तर ऐकणाऱ्याला 'तू पुरतोस' असे ऐकू येण्याचा धोका! चिनी शिकणारा नवखा परदेशी माणूस हीच चूक करतो. आम्हीही केली. पुण्यात चिनी शिकणारा एका कामगाराचा मुलगा आम्हांला फोनवर शिकवीत असे. तो पंधरा दिवस आम्हांला फक्त एवढेच दुरुस्त करीत होता.

याचे उत्तर युएन रन चाव यांनीच दिले आहे. शब्दांचे सूर हे लहान तरंग आणि वाक्याचा सूर ही मोठी लाट. तरंग लाटेवर बसून जातात, अशी त्यांची उपमा. आपल्याकडे समुद्र नाही, म्हणून आम्ही ती जरा बदलून घेतो. बुलढाण्याहून मलकापूरकडे जाताना राजूरचा घाट लागतो. त्या रस्त्यावर खड्डा आला तर चाक खाली जाते आणि वर येते. गाडी घाट उतरत असो की चढत असो, खड्डा हा खड्डाच राहतो. चढावर आहोत म्हणून खड्ड्याचा उंचवटा होत नाही. शब्दाचा सूर हा खड्डा किंवा उंचवटा, आणि वाक्याचा सूर हा घाट.

तेव्हा चिनी माणूस 'तू विकतोस?' असे विचारतो तेव्हा शेवटचा 'माय' कोसळतोच. पण तो वरच्या पायरीवरून निघतो आणि तळापर्यंत न जाता अलीकडेच थांबतो. सारे वाक्यच जणू वरच्या पट्टीत उचललेले असते, आणि ही उचल शेवटाकडे अधिक जाणवते. उलट साधे विधान असेल, तर आवाजाची पट्टी वाक्यभर हळूहळू उतरत जाते. त्यामुळे एकाच वाक्यात दोन सपाट, उंच शब्द असले तर नंतरचा पहिल्याहून खाली पडलेला असतो. तरीही ऐकणारा त्याला उंचच समजतो, कारण कान शेजारच्या शब्दाशी तुलना करतो, पेटीशी नव्हे. कधी कधी शेवटच्या शब्दाचा सूर पुरा होऊ देऊन, मग त्याच्या शेपटीला वाक्याचा चढ किंवा उतार जोडतात, हेही युएन रन चाव यांनी १९३३ च्या निबंधात नोंदविले आहे.

एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असेल तर युक्ती आणखी निराळी. 'मी घोडा विकतो' या वाक्यात 'मी'वर जोर हवा, म्हणजे दुसरा कोणी नव्हे, मी. मराठीत आपण 'मीच' म्हणून मोकळे होतो. 'च' हा आपला फार गुणी नोकर आहे. चिनी माणूस जोराच्या शब्दाचा सूर ताणतो, त्याचे उंच अधिक उंच आणि नीच अधिक नीच करतो, आणि त्याच्या पुढचे सारे शब्द दाबून खाली, अरुंद पट्टीत म्हणतो. सूर त्यांचेही शाबूत असतात, पण गर्दीच्या एसटीत उभ्या असलेल्या माणसांसारखे अंग चोरून.

आणि हे सारे नको असेल तेव्हा चिनी माणूस आपल्यासारखाच लहान शब्दांचा आधार घेतो. वाक्याच्या शेवटी बिनसुरी 'मा' लावला की प्रश्न झाला. आपला 'का' तेच करतो. 'पा' लावला की 'चला ना', 'असेल बहुधा' असा मऊपणा येतो. म्हणजे सूर अडलेला असला तरी माणूस अडत नाही.

शेजारामुळे सूर बदलतात ते वेगळेच. तिसरा, बुडीत सूर दोनदा लागोपाठ आला तर त्यांतला पहिला चढा होतो. आता 'घेणे' हा तिसऱ्या सुराचा 'माय', आणि 'घोडा' हा तिसऱ्या सुराचा 'मा'. 'घोडा घेणे' असे म्हणताना पहिला शब्द चढतो आणि ते 'घोडा पुरणे' यासारखेच ऐकू येते! कानाने फरक करता येत नाही; प्रसंग पाहूनच ओळखायचे. जिवंत घोड्याच्या बाजारात कोणी कुदळ आणीत नाही, म्हणून कारभार चालतो.

हे शिकत असताना आम्हांला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण वारंवार येई. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यांत कोटणीस होते आणि आमच्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस मागे राहिले, चिनी बोलायला-लिहायला शिकले, डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले. शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटामुळे ही कथा घरोघर गेली. पण ते बोलायला कसे शिकले असतील, हा विचार आमच्या मनात या चौकशीपूर्वी कधी आला नव्हता. चिनीत 'दुखते' याचा शब्द 'थंग', आणि तो चढ्या सुराचा आहे. जखमी शिपाई 'दुखते' असे सांगत असेल तेव्हा सोलापूरच्या कानाला प्रथम प्रथम तो प्रश्नच वाटला असेल. ही आमची कल्पना आहे. पण आम्हांला मात्र तसेच वाटले.

कोटणीसांचे चिनी नाव 'ख ती-ह्वा'. पहिला शब्द सपाट उंच, दुसरा कोसळता, तिसरा चढता. 'ह्वा' म्हणजे चीन. पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी हाच शब्द आहे. कोटणीसांचा मुलगा १९४२ च्या ऑगस्टमध्ये जन्मला, त्याचे नाव 'यिन-ह्वा', भारत आणि चीन. पहिला शब्द उतरता, दुसरा चढता. नावाने हाक मारतानाही सूर सांभाळावे लागतात. रागाने हाक मारली तर दोन्ही शब्द अधिक ताणले जातील, परंतु उतरणारा उतरेल आणि चढणारा चढेलच.

आता त्या 'हाव'कडे वळू. चिनी 'हाव' हा तिसऱ्या सुराचा शब्द. वाक्याच्या मध्ये तो नुसता खाली बुडतो. पण एकटाच, सावकाश म्हटला तर बुडून शेवटी वर येतो. म्हणजे 'ठीक' असे साधे सांगतानाही त्याची शेपटी वर वळलेली असू शकते. 'ठीक?' असे विचारताना तीच वळण घेतलेली शेपटी आणखी वरच्या पट्टीत जाते. दोन्ही चढतात, फरक किती उंचीवर चढतात याचा. मराठी कान चढ आहे की नाही एवढेच विचारतो. पट्टी विचारीत नाही, कारण त्याला तशी गरज कधी पडलेली नाही. आणि आपला होकाराचा 'हाव' तर वरून खाली येणारा, चिनी चौथ्या सुरासारखा. मुलाने सूर तोलला नाही. त्याने ओळखीचा शब्द ऐकला आणि हात हलविला.

चौकशीत आम्ही हेच मांडले. मेकॅनिकने प्रश्न विचारला असेल, हे आम्ही नाकारले नाही. नाकारले असते तर खोटे ठरलो असतो, कारण नंतर दुभाष्यामार्फत त्याने स्वतःच तसे सांगितले. आमचे म्हणणे एवढेच की, उघड्या यंत्रापाशी दोन भाषांची माणसे उभी करून, ठरलेली खूण न देता, सारी भिस्त एका शब्दाच्या पट्टीवर ठेवणे ही मुलाची चूक नव्हे. चौकशी अधिकारी वकील होते. त्यांनी आम्हांला तो फरक करून दाखवायला सांगितला. आम्ही दोन्ही 'हाव' म्हणून दाखविले. त्यांना ते एकच वाटले, आणि त्यांनी तसे नोंदीत लिहिले. मुलाला लेखी ताकीद देऊन कामावर घेतले. सस्पेंडच्या काळातला अर्धा पगार बुडाला, तो आम्हांला मिळवता आला नाही. झाकण उघडे असताना बटणाची किल्ली आत हात घालणाऱ्याच्याच खिशात राहील, असा नियम मात्र झाला, आणि हाताच्या तीन खुणांचा तक्ता यंत्राजवळ लागला.

मेकॅनिक जाण्यापूर्वी आम्ही त्याला एक विनंती केली. त्याने दोन्ही 'हाव', सांगण्याचा आणि विचारण्याचा, उलटसुलट क्रमाने वीस वेळा आमच्या फोनवर म्हणून ठेवले. बोटाला पट्टी होती. तो हसत म्हणत होता. ते ध्वनिमुद्रण आमच्याकडे अजून आहे. पहिल्या दिवशी वीसांपैकी आम्ही अकरा बरोबर ओळखले, म्हणजे डोळे मिटून सांगितले असते तरी तेवढेच आले असते. सहा महिन्यांनी पंधरा झाले. त्या मुलाने पहिल्याच दिवशी सतरा ओळखले होते.